दुप्पट वेढे

बिरनाळे बाईंनी पिशवीतून मिक्सर काढला
आणि शेजारी एक पांढरी पिन ठेवली, दीडशे रुपयांची.
"नदाफ, ही लावली की तिकडं चालंल न्हवं?"
लेक मिनेसोटात, सातवा महिना.
बाई दिवाळी करून निघणार.

हरभट रोडवर माझं वाइंडिंगचं दुकान.
पुराच्या वर्षी पाणी पंख्याच्या पात्यांपर्यंत होतं.
ओसरल्यावर तीन महिने
मी लोकांच्या मोटारी उन्हात वाळवत बसलो.
जळक्या वार्निशच्या वासावरून सांगतो मी,
माणूस घाईचा होता की कंजूष.

म्हटलं, बाई, पिन बदलली की भिंत फसते,
मोटार फसत नाही.
आपल्या भिंतीत दोनशे तीस, त्यांच्या भिंतीत एकशेवीस.
ही तिकडं उपाशी राहणार,
आणि तिकडची इथं आणाल, तर पहिल्याच घासाला जाणार.
तुमचा चार्जर बघा, पाठीवर बारीक लिहिलंय,
शंभर ते दोनशे चाळीस.
तो कुठल्याही गावचं पाणी पितो.
मिक्सरच्या पोटाखाली एकच आकडा.
आणि ही तिसरी, जाड पिन,
हिला तुमच्या दीडशे रुपयांत जागाच नाही.
बसत नाही म्हणून कापू नका कुणी सांगितलं तरी.
ती रोज काहीच करत नाही,
एकाच दिवशी करते.

बाईंनी सगळं ऐकलं.
ऐकता ऐकता मिक्सर परत पिशवीत घातला, पिनही.
"दाण्याची चटणी तेवढी," म्हणाल्या.

डिसेंबरात रात्री अडीचला फोन.
पडद्यावर बाई, अंगात जावयाचा स्वेटर,
मागच्या खिडकीत बर्फ, बर्फावर तिरकं ऊन.
"दिवस साडेचारला बुडतोय हो इथं.
त्याच्या आत जेवून हात धुवायचे,
आणि ह्ये बघा, फिरंना."
जवळ धरा, म्हटलं.
अंधारात मी कान दिला.
उसाचा भरलेला ट्रक चढाला लागावा
तशी कण्हत होती.
शहनाज उठून बसली: कोण आजारी आहे?
बंद करा, बाई. पिन उपसा. आता हात लावून बघा.
"गरम हाय."
त्या दिवशी, म्हणजे त्यांच्या दिवशी,
दाणे लाटण्याखाली फोडले
आणि चार वाजून दहा मिनिटांनी जेवल्या.

एप्रिलात परत आल्या.
पेढे, नातवाचे फोटो, आणि पिशवी.
उघडायच्या आधीच वास आला.
लेकीनं तिकडं घेतलेला मिक्सर, छोटा, लाल.
इथं येऊन पिन बदलून लावला होता.
"पळाला काय हो, दहा सेकंद! विमानागत."
मी काही बोललो नाही.
त्याच म्हणाल्या,
"ह्याच्यात करायची ती रोज माझी चटणी.
कामातनं उठून, साडेतीनला."

घाईचा वास नव्हता तो. कंजुषीचाही नव्हता.

नवा घ्या, स्वस्त पडेल, हे जिभेवर आलं होतं.
म्हटलं, ठेवून जा.

जळकी तार कापली, वेढे मोजले.
तिकडचा इकडं चालवायचा
म्हणजे जवळजवळ दुप्पट वेढे, निम्म्या अंगाची तार,
आणि खाच तेवढीच.
दाबून बसवावं लागतं, तुटणार नाही इतकंच.
एक्केचाळीस, बेचाळीस,
शहनाज चहा ठेवून गेली, आकडा सुटला,
परत पहिल्यापासून.
बाहेर गणपती पेठेतून हळदीची पोती भरलेला टेम्पो गेला,
मग लाइट गेली.
बोटांनीच मोजलं.

शेवटी पोटाखालचा जुना आकडा खरवडला,
दोनशे तीस कोरलं, ठळक,
पुन्हा कुणी तिकडं नेऊ नये म्हणून.

बाई पुढच्या दिवाळीला जाणार आहेत.
पिशवीत काय असेल, मला माहीत आहे.